फेसवॉशची ट्यूब उलटी करून वाचा

माझ्यासमोर आत्ता दोन ट्यूब आहेत. एक पारदर्शक जेल, वर कोरफडीचं हिरवंगार चित्र, आणि दुसरी साधी पांढरी, आतलं क्लीन्झर सायीसारखं, फेस जवळपास होतच नाही. दोन्हींवर 'सौम्य' लिहिलंय. आता खरंच सौम्य कोणतं हे पुढून कधीच कळत नाही, ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाहीये.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे जास्त ते आधी. दोन्हीकडे पहिलं पाणी. खरी गोष्ट त्याच्या पुढे सुरू होते. जेलमध्ये लगेच सोडियम लॉरेथ सल्फेट आणि मग कोकामिडोप्रोपिल बिटेन, तर पांढऱ्यात आधी ग्लिसरीन, मग सेटेअरिल अल्कोहोल, आणि त्यानंतर सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट.

यातले लॉरेथ, बिटेन आणि आयसेथिओनेट हे सर्फॅक्टंट, म्हणजे मळ काढणारे. यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, म्हणून तेलकट मळ पाण्याबरोबर निघून जातो. पण त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातही सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड हे तेलकट घटक असतातच की, आणि मळ कुठला नि आपलं कुठलं हे सर्फॅक्टंटला कळत नाही. शिवाय काही सर्फॅक्टंट त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतात, आणि तोंड धुतल्यावर चेहरा जो ताणल्यासारखा वाटतो ना, त्यामागे हेच असतं. त्याला स्वच्छपणा समजू नका प्लीज.

इथे एक गल्लत खूप जण करतात. लॉरिल आणि लॉरेथ एकच नाहीत. सोडियम लॉरिल सल्फेट इतकं तिखट की प्रयोगात त्वचेला मुद्दाम त्रास द्यायचा असेल तेव्हा तेच वापरतात. लॉरेथच्या रेणूचं पाण्याकडचं टोक मोठं असतं, म्हणून तो त्वचेत कमी शिरतो, आणि सोबत बिटेन असलं की त्रास आणखी कमी होतो. म्हणजे आपलं जेल काही व्हिलन नाहीये. पण आयसेथिओनेट त्याहून सौम्य, आणि कोरड्या त्वचेला ग्लिसरीनची साथ मोलाची.

सेटेअरिल अल्कोहोलमधल्या 'अल्कोहोल'ला घाबरून कित्येक जण चांगली ट्यूब परत ठेवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. तो मेणासारखा घट्ट पदार्थ आहे, त्वचा कोरडी करणारा नाही.

आता कोरफड शोधूया. यादीत फिनॉक्सिइथेनॉल दिसलं की तिथे बोट ठेवा. हे प्रिझर्व्हेटिव्ह, युरोपियन युनियनच्या नियमानुसार जास्तीत जास्त 1 टक्का घालता येतं, म्हणजे त्याच्यानंतर जे काही येतं ते फार तर तेवढंच. आमच्या जेलमधली कोरफड त्याच्या नंतर आहे! पण पांढऱ्या ट्यूबचं सेरामाइडही नंतरच आहे, तेव्हा मोजपट्टी दोघांना सारखीच लावायची. तसंही चेहऱ्यावर अर्धा मिनिट राहून धुऊन जाणाऱ्या गोष्टीकडून सेरामाइडची फार अपेक्षा ठेवू नये, ते मॉइश्चरायझरमध्ये असू द्या.

पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, यादीत लिहिलेला नसतो, पण पीएचच्या पट्टीवर कळतो. त्वचेचा साधारण 5 च्या आसपास, दोन्ही ट्यूबचा साडेपाचच्या जवळ आला, आणि साध्या साबणवडीचा 9 ते 10 असतो, म्हणून चेहऱ्याला साबण नकोच म्हणते मी.

तेलकट त्वचा किंवा जाड सनस्क्रीन असेल तर जेल चालेल. कोरडी, लगेच लाल होणारी असेल तर पांढरी, त्यातही सुगंध नसलेली. तरी नक्की ठरत नसेल तर चेहरा धुऊन टिपा, काहीही न लावता दहा मिनिटं थांबा आणि मग मोठा 'आ' करून बघा. गाल ओढले गेले तर ते क्लीन्झर तुमच्यासाठी जास्त कडक आहे.