मक्याच्या जर्मपासून खाद्यतेल: अनुदान, परवाने आणि कागदपत्रे

मक्याच्या दाण्यात तेल चार टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यातले पाचांतले चार हिस्से जर्ममध्ये, म्हणजे दाण्यातल्या अंकुरात असतात. त्यामुळे शेंगदाणा किंवा करडईसारखा मका थेट घाण्यात टाकून काही हाती लागत नाही. आधी जर्म वेगळा करावा लागतो आणि हे काम मुख्यतः स्टार्च कारखान्यांत होते. तिथे मका गंधकाचा अंश असलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात, भरडतात आणि तेलामुळे हलका झालेला जर्म हायड्रोसायक्लोनमधून, म्हणजे पाणी गरगर फिरवून हलका-जड भाग वेगळा करणाऱ्या यंत्रातून, वर काढून धुतात, वाळवतात. अशा जर्ममध्ये 40 ते 50 टक्के तेल निघते. रवा आणि ग्रिट्स (जाड भरड) बनवणाऱ्या कोरड्या मिलमधल्या जर्ममध्ये ते निम्म्याच्याही खाली येते, कारण त्याला कोंडा आणि पिठूळ भाग चिकटलेला असतो.

अर्जाची माहिती देण्याआधी एवढे सांगण्याचे कारण असे की, बहुतेक प्रस्ताव इथेच कच्चे राहतात. हिशेब पाहा. 100 किलो मक्यातून कोरडा जर्म मिळतो साधारण 6 ते 7 किलो. दिवसाला 10 टन जर्म गाळणारा एक्सपेलर (स्क्रूने दाबून तेल काढणारे यंत्र) पूर्ण क्षमतेने चालवायचा, तर कुठेतरी रोज दीडशे टन मका दळला गेला पाहिजे. गावातले दोन-तीनशे शेतकरी मका द्यायला तयार आहेत, असे प्रस्तावात लिहिले तरी त्याने यंत्राचे पोट भरत नाही. धुळे जिल्ह्यात दोंडाईचा, जळगावात चाळीसगाव, सांगलीकडे मिरज इथे स्टार्च उद्योग आहे. जर्म तिथून किंवा गुजरातेतून आणावा लागणार. बरेचसे कारखाने आपला जर्म स्वतःच गाळतात किंवा ठरलेल्या तेल उत्पादकाला देतात. म्हणून महिन्याला किती टन, किती ओलाव्याचा आणि कोणत्या भावाच्या सूत्राने जर्म मिळेल, याचे लेखी पत्र आधी मिळवा. बँकेचा अधिकारी कच्च्या मालाच्या रकान्यापाशीच थांबतो आणि त्याचे थांबणे योग्यच आहे.

कच्चे तेल विकायचे की रिफाइंड?

दुसरा निर्णयही अर्जाआधीच घ्यायचा आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2011 च्या अन्न मानक नियमांत मक्याचे तेल म्हणजे स्वच्छ, निरोगी दाण्यांच्या जर्मपासून काढलेले आणि रिफाइन केलेले तेल. त्याचे आम्लमूल्य (तेलातल्या मुक्त आम्लाचे माप) 0.5 च्या आत हवे. एक्सपेलरमधून पडणारे लालसर, उग्र वासाचे तेल या मानकात बसत नाही. ‘लाकडी घाण्याचे मका तेल’ असे लेबल लावून ते बाटलीत भरण्याचा कोणी सल्ला दिला, तर ऐकू नका. त्यातले मेण, गोंद आणि मुक्त आम्ल काढल्याशिवाय ते खाण्यासाठी विकता येत नाही.

माझे स्पष्ट मत असे की, छोट्या उद्योजकाने एक्सपेलर आणि फिल्टर प्रेसपर्यंतच थांबावे आणि कच्चे तेल रिफायनरीला द्यावे. रिफायनिंगचा खर्च मोठ्या क्षमतेवरच भरून निघतो. पेंडीत उरलेले सहा-आठ टक्के तेल हेक्झेन या ज्वलनशील द्रावकाने (सॉल्व्हंटने) काढण्याचा मोहही सुरुवातीला टाळावा. हेक्झेन साठवायचे म्हणजे पेट्रोलियम नियमांखालील परवाना लागतो. तो देणाऱ्या पेसो या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. शिवाय अग्निशमनाची पूर्ण व्यवस्था आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची कडक तपासणी येते. सॉल्व्हंटने काढलेले तेल रिफाइन करणे बंधनकारक आहे आणि तयार तेलात हेक्झेनचा अंश 5 पीपीएमपेक्षा (दहा लाखांत 5 भाग) जास्त चालत नाही.

अनुदान कोणत्या योजनेतून?

या विषयाला सर्वांत जवळची योजना म्हणजे राष्ट्रीय खाद्यतेल अभियान – तेलबिया. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती 3 ऑक्टोबर 2024 रोजी मंजूर केली. कालावधी 2024-25 ते 2030-31 आणि तरतूद 10,103 कोटी रुपयांची. भुईमूग, सोयाबीन, मोहरीबरोबरच सरकी, भाताचा कोंडा आणि मका या दुय्यम स्रोतांतून तेल काढणाऱ्या युनिटनाही यात मदत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्रात कृषी विभागामार्फत 10 टन क्षमतेच्या तेल काढणी युनिटला प्रकल्प खर्चाच्या 33 टक्के किंवा 9.90 लाख रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था आणि सरकारी किंवा खासगी उद्योग अर्ज करू शकतात. जमीन आणि इमारतीचा खर्च अनुदानात धरत नाहीत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. जिल्ह्याला लक्ष्यांक मिळाला की अर्ज मागवले जातात, म्हणून कार्यालयाच्या संपर्कात राहा.

दुसरी वाट पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेची, म्हणजे पीएमएफएमईची. 2020 मध्ये सुरू झालेल्या या योजनेची मुदत पुढे 2025-26 पर्यंत वाढवली होती. त्यामुळे आज पोर्टलवर नवे अर्ज घेतात का, हे आधी पाहा. वैयक्तिक उद्योजकासाठी ही योजना अधिक सोयीची आहे: पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये. वय 18 पूर्ण हवे, कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि किमान 10 टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. कुटुंब म्हणजे अर्जदार, पती किंवा पत्नी आणि मुले. जमिनीची किंमत इथेही धरत नाहीत.

या अनुदानाबाबत एक गैरसमज सगळीकडे दिसतो. रक्कम हातात येत नाही. ती बँकेत कर्जखात्याशी जोडून ठेवतात. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षे युनिट चालू राहिले आणि खाते थकले नाही, तरच ती कर्जात वळती होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून पूर्ण कर्जाचा हप्ता भरण्याची तयारी ठेवा आणि प्रकल्प अहवालातही तसाच हिशेब मांडा.

अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात. त्यांचे मानधन सरकार देते, अर्जदाराने एक रुपयाही द्यायचा नसतो. कोणी फाइलचे पैसे मागितले, तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात सांगा. एकाच यंत्रावर दोन योजनांचे अनुदान मात्र मिळत नाही.

जोडायचे कागद

- आधार, पॅन, फोटो, रहिवासाचा पुरावा, सहा महिन्यांचे बँक विवरण
- जागेचा 7/12 किंवा मालमत्ता उतारा. भाड्याची असल्यास नोंदणीकृत करार
- यंत्राचे कोटेशन, त्यावर जीएसटी क्रमांक आणि ताशी किंवा दैनिक क्षमता
- उद्यम नोंदणी. आधीचे कर्ज असल्यास त्याचे विवरण
- कंपनी किंवा संस्था असल्यास नोंदणीपत्र, ठराव, लेखापरीक्षण अहवाल
- प्रकल्प अहवाल, जर्म पुरवठ्याचे पत्र, कच्चे तेल घेणाऱ्या रिफायनरीचे पत्र

शेवटची दोन पत्रे कोणत्याही यादीत सक्तीची म्हणून सापडणार नाहीत. पण ती जोडलेला प्रस्ताव बँकेत वेगळा वाचला जातो.

कोटेशन घेताना एक गोष्ट नीट तपासा. एक्सपेलरची क्षमता विक्रेते बऱ्याचदा शेंगदाणा किंवा सोयाबीनवर सांगतात. जर्म हलका आणि भुसभुशीत असतो. तो आधी वाफेच्या कुकरमध्ये शिजवून, कंडिशन करून घातला तरच स्क्रू तो पकडतो, नाहीतर गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. म्हणून कोटेशनवर ‘मका जर्मसाठी’ असे लिहून घ्या आणि कुकरसह किंमत मागा. कर्ज मंजूर होण्याआधी यंत्र खरेदी करू नका. आधीच्या तारखेचे बिल अनुदानाला चालत नाही.

परवाने

एफएसएसएआयचा अर्ज फॉसकॉस पोर्टलवर करायचा. 2011 च्या मूळ परवाना नियमांत दिवसाला 2 टनांपर्यंत क्षमतेच्या तेल युनिटला राज्य परवाना आणि त्यावर केंद्रीय परवाना होता. आपल्या युनिटला आज कोणता परवाना लागतो, हे अर्ज करताना पोर्टलवर पाहा. युनिटचा आराखडा, यंत्रांची यादी अश्वशक्तीसह, पाण्याचा तपासणी अहवाल, अन्नसुरक्षा व्यवस्थापन आराखडा आणि जबाबदार व्यक्तीचे नामनिर्देशन इतके लागते. आराखड्यात जर्मची साठवण, गाळप आणि तेलाच्या टाक्या वेगळ्या दाखवा. त्यावरून पुढची तपासणी सोपी जाते.

प्रदूषण मंडळाची संमती दोन टप्प्यांत असते: उभारणीची आणि चालवण्याची. उभारणीची संमती बांधकामाआधी घ्यायची.

एक नवी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. 2025 मध्ये वनस्पती तेल उत्पादने नियमन आदेशात दुरुस्ती झाली. आता खाद्यतेलाच्या सगळ्या उत्पादकांनी राष्ट्रीय एक खिडकी पोर्टलवर नोंदणी करून उत्पादन आणि साठ्याचे मासिक विवरण भरायचे आहे. ज्यांच्याकडे फक्त एक्सपेलर आहे, त्यांनी आपण यात येत नाही असे गृहीत धरू नये.

युनिट चालू झाल्यावर

जर्म आला की तो लवकर गाळा. ओल धरलेल्या जर्ममध्ये एन्झाइममुळे मुक्त आम्ल वाढते आणि रिफायनरी त्याच प्रमाणात भाव कापते. प्रत्येक लॉटचा ओलावा आणि आम्लाची नोंद वहीत ठेवा. तपासणी अधिकारी आणि खरेदीदार दोघेही तीच वही मागतात.

मक्याला बुरशी लागलेली असेल, तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष जर्ममध्येही येऊ शकते आणि गाळपानंतर बहुतांश पेंडीत उरते. ती पेंड दुभत्या जनावराला गेली की विषाचा अंश दुधात उतरतो. म्हणून पेंडीचा प्रत्येक लॉट विकण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवालाची प्रत बिलाला जोडा. एफएसएसएआयसाठी तेलाची तपासणी दर सहा महिन्यांनी असते आणि तिचा अहवाल फॉसकॉसवर चढवायचा असतो. वार्षिक विवरणाची तारीख 31 मे.