फ्रेशमन सेमिनार की युनिव्हर्सिटी १०१? नाव एकच, मामला वेगळा

भाच्याची अमेरिकेत ॲडमिशन झाली, कोर्स निवडायची वेळ आली आणि त्याने स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, मामा, हे फर्स्ट इयर सेमिनार (म्हणजेच फ्रेशमन सेमिनार, फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी) काय प्रकरण आहे, घेऊ का सोडू? आता सेमिनार म्हटलं की आपल्याला आठवतं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, रात्री दोन वाजता कॉपी-पेस्ट केलेली पीपीटी आणि शेवटच्या बाकावर बसून डुलक्या घेणारे सर. ते आधी डोक्यातनं काढा. तिकडे सेमिनार म्हणजे टेबलाभोवती बसून बोलायचा छोटा वर्ग. पण खरा घोळ त्याच्यापुढे आहे, कारण या एकाच नावाखाली दोन पूर्ण वेगळे कोर्स फिरतात.

पहिला प्रकार विषयाचा. हार्वर्डमध्ये हे १९५९ पासून चालू आहे. वर्गात साधारण १२ जण, सगळे पहिल्या वर्षाचे, आणि बसायचं तर अर्ज करावा लागतो, मला हाच विषय का हवाय ते लिहून. विषय प्रोफेसरच्या स्वतःच्या आवडीचा, कुणी कृष्णविवरं घेतं तर कुणी एखादं जुनं नाटक, आणि गंमत म्हणजे ए-बी-सी ग्रेड नाहीच, फक्त समाधानकारक किंवा असमाधानकारक. त्यामुळे फिजिक्सवाला पोरगा बिनधास्त कवितेच्या वर्गात जाऊन बसू शकतो, जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी, पडायची भीती नाही. पण ग्रेड नाही म्हणजे आराम आहे असं कुणी समजू नका हां. दोनशे जणांच्या लेक्चरला न वाचता गेलात तर कुणाला पत्ता लागत नाही, इथे बारा जणांत प्रोफेसर तुमच्याकडे बघून विचारतात, तुला काय वाटलं? आणि मग जी शांतता पसरते ना, ती लय लांब असते.

याचीच छोटी आवृत्ती कॅलिफोर्नियात आहे. यूसीएलएने (कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचं लॉस एंजेलिसचं कॅम्पस) ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्याच सत्रात फियाट लक्स नावाचे सेमिनार सुरू केले, घडलंय ते मुलांना प्राध्यापकांसोबत बसून बोलता यावं म्हणून. एका युनिटचा (म्हणजे क्रेडिटचा) कोर्स, पास किंवा नापास, बस्स. बर्कलीत विषयाच्या नावापुढे २४ आकडा दिसला की समजायचं फ्रेशमन सेमिनार. स्टॅनफर्डला कोर्सच्या नंबरच्या शेवटी एन असतो, क्यू असेल तर तो दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी.

आता दुसरा प्रकार. याचं मूळ साऊथ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत. १९७० च्या मे महिन्यात व्हिएतनाम युद्धावरून तिथलं कॅम्पस पेटलं होतं, मुलं थेट ॲडमिनिस्ट्रेशनच्या इमारतीत घुसली. युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष होते थॉमस जोन्स. आपल्याकडे असतं तर निलंबनाची यादी लागली असती, पण त्यांनी विचार केला की या पोरांना युनिव्हर्सिटी आपली वाटतच नाहीये, आणि त्यातनं १९७२ ला युनिव्हर्सिटी १०१ हा कोर्स निघाला. इथे कृष्णविवरं वगैरे काही नाही. वेळ कसा लावायचा, लायब्ररी कशी वापरायची, दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून दिलं तर काय होतं, झोप, ताण, पैसे. शिकवणारा प्रोफेसरच असेल असं नाही, स्टाफमधलं कुणीही असू शकतं, सोबतीला बऱ्याचदा एखादा सिनिअर विद्यार्थी. पुढे कितीतरी युनिव्हर्सिट्यांनी हे मॉडेल उचललं आणि काहींनी त्यालाही फर्स्ट इयर सेमिनारच नाव दिलं, झाला का घोळ. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतला तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम आठवा, साधारण त्याच घराण्यातला, फक्त युनिव्हर्सिटी १०१ अख्खं सत्र चालतो.

आणि उलटं बघा, जड विषयाच्या हार्वर्डवाल्याला ग्रेड नाही पण साऊथ कॅरोलायनातल्या या हलक्या वाटणाऱ्या कोर्सला ए-बी-सी ग्रेड आहे, तीन क्रेडिट आहेत. त्यामुळे नावावर जाऊ नका, सिलॅबस उघडून चौथ्या-पाचव्या आठवड्याला काय लिहिलंय ते वाचा. वाचायची पुस्तकं दिसली तर पहिला प्रकार.

भाच्याच्या सिलॅबसमध्ये होतं, आठवडा ४ लायब्ररीची ओळख, आठवडा ५ वेळेचं नियोजन. तो म्हणाला, हे तर आई फुकटात सांगते. मी म्हटलं घे तरी, आईचं ऐकतोस का कधी. घेतला. ऑक्टोबरात फोन आला, मामा, ऑफिस अवर्स म्हणजे सर ऑफिसात काम करत असतात, डिस्टर्ब करायचं नाही, असं मला दोन महिने वाटत होतं, आज वर्गात कळलं की ती वेळ आपल्यासाठीच असते.