मासिक पाळी आणि फुप्फुसांचे कार्य

निरोगी स्त्रीच्या श्वसनावर मासिक पाळीचा परिणाम होतो, पण तो सर्व चाचण्यांत सारखा दिसत नाही. श्वासाची खोली नक्की बदलते. फुप्फुसांची धारणक्षमता आणि फुंकरीचा वेग मात्र जेमतेम हलतात.

बीजविमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर, तिथे तयार होणाऱ्या पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते आणि साधारण सातव्या दिवशी त्याची पातळी सर्वाधिक असते. हे संप्रेरक मेंदूतील श्वसननियंत्रण केंद्रांना चेतवते. त्याचे ग्राही (त्याला प्रतिसाद देणारे पेशींतील रेणू) तयार होण्यासाठी इस्ट्रोजेनही लागते. श्वासांची संख्या फारशी वाढत नाही, प्रत्येक श्वास थोडा खोल होतो. त्यामुळे धमनीतल्या रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब चक्राच्या पूर्वार्धापेक्षा सुमारे ३ ते ४ मिमी पारा इतका उतरतो. मूत्रपिंडे जास्तीचे बायकार्बोनेट (रक्तातील अल्कधर्मी घटक) बाहेर टाकतात, म्हणून रक्ताचा सामू (आम्ल-अल्क पातळी) जवळजवळ तोच राहतो. गरोदरपणात हाच बदल अधिक ठळक होतो. दाब ३० मिमीच्या आसपास येतो.

स्पायरोमेट्रीचे, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायच्या फुप्फुस-चाचणीचे, निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यात नवल नाही. किमान तीन निर्दोष फुंकरी घ्याव्यात आणि सर्वोत्तम दोहोंत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा, असा प्रमाण नियम आहे. पाळीमुळे पडणारा फरक बहुधा याच मर्यादेत बुडून जातो. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा चाचणी केली, तरी तेवढा फरक दिसू शकतो. म्हणून दर खेपेस वेळ तीच ठेवावी.

खरी गफलत होते ती चक्राचा टप्पा ठरवताना. नुसते दिवस मोजून भागत नाही, कारण चक्राचा पूर्वार्ध कमीजास्त होतो. शिवाय बीजविमोचन न होताही रक्तस्राव वेळेवर येऊ शकतो. अशा चक्रात प्रोजेस्टेरॉन वाढलेलेच नसते. त्यामुळे लघवीतील एलएच (बीजविमोचनाच्या आधी वाढणारे संप्रेरक) पट्टीने तपासून, ती होकारार्थी आल्यावर साधारण आठवड्याने रक्तातील प्रोजेस्टेरॉन मोजतात. ते मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त असल्यास बीजविमोचन झाले असे धरतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचे आकडे यांत मिसळू नयेत. त्यांचे नैसर्गिक चक्र दबलेले असते.

वायुविसरण क्षमता (फुप्फुसांतून रक्तात वायू जाण्याची क्षमता) पाळीच्या तोंडावर जास्त आणि रक्तस्रावाच्या तिसऱ्या दिवसाच्या सुमारास कमी आढळली आहे. या चाचणीत हिमोग्लोबिननुसार दुरुस्ती करावीच लागते, नाहीतर रक्तक्षयालाच फुप्फुसाचा दोष समजले जाते.

दम्याच्या रुग्णांना हे लागू करू नये. त्यांच्यापैकी काहींचा त्रास पाळीच्या आधी व सुरुवातीच्या दिवसांत स्पष्टपणे वाढतो.