वनस्पतींतील फिनॉलिक संयुगे आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग

बेंझिनच्या वलयाला एक किंवा अधिक हायड्रॉक्सिल गट जोडलेल्या वनस्पतिजन्य संयुगांना फिनॉलिक संयुगे म्हणतात. साल, पान, फूल व फळ यांचा तुरटपणा आणि बराचसा रंग त्यांच्यामुळे येतो. कीड, बुरशी आणि जीवाणू यांपासून झाडाचे रक्षण करणे हे त्यांचे झाडातले एक मोठे काम. यांतली काही संयुगे मूत्रमार्गात रोग करणाऱ्या जीवाणूंची वाढ रोखतात, काही त्यांना मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. पळस, हिरडा, बेहडा, आवळा, जांभूळ, डाळिंब, हळद ही ग्रामीण विदर्भाच्या घरगुती औषधातली नेहमीची नावे. या सर्वांत फिनॉलिक संयुगे भरपूर असल्याने या भागासाठी हा विषय महत्त्वाचा आहे.

लघवीला सारखी घाई होणे, थेंब थेंब होणे, जळजळणे या त्रासाला गावाकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. अशी प्रत्येक जळजळ जंतूंमुळे होत नाही. शरीरातले पाणी कमी झाले की लघवी घट्ट व पिवळी होते आणि तेवढ्यानेही आग होते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. पहाटे निघालेल्या बायांना आडोसा मिळत नाही, म्हणून त्या पाणीच कमी पितात. कापूस वेचणीत आणि सोयाबीनच्या सोंगणीतही हेच घडते. लघवी तासन्‌तास साठून राहते आणि मूत्राशयात शिरलेल्या जंतूंना वाढायला सवड मिळते. स्त्रियांचा मूत्रनलिकेचा मार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असल्याने आतड्यातून बाहेर आलेले जंतू सहज वर चढतात. साध्या संसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश संसर्गांना एश्चेरिकिया कोलाय (ई. कोलाय) हा जीवाणू कारणीभूत असतो. उरलेल्यांत क्लेब्सिएला, प्रोटियस, एंटेरोकोकस आणि स्टॅफिलोकोकस सॅप्रोफिटिकस यांचा वाटा असतो.

हा त्रास बाया सहसा बोलून दाखवत नाहीत. डॉक्टर दांपत्य अभय व राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, पण त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तो अभ्यास लघवीच्या संसर्गाचा नव्हता. तरीही दवाखान्याच्या आधी काढ्याकडे हात का जातो, हे त्यातून नीट कळते.

फिनॉल कुळातला जंतुनाशक गुण आधुनिक वैद्यकाला नवा नाही. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेच्या जखमा कुजू नयेत म्हणून कार्बोलिक आम्ल वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. हे आम्ल म्हणजेच साधे फिनॉल. झाडांतली संयुगे याहून गुंतागुंतीची आणि बरीच सौम्य असतात. गॅलिक आम्लासारखी फिनॉलिक आम्ले, क्वेर्सेटिनसारखी फ्लॅव्होनॉइडे आणि टॅनिने हे त्यांतले मोठे गट. पळसाच्या फुलांत ब्यूट्रिन व आयसोब्यूट्रिन असते आणि पळसाचा लाल डिंक टॅनिनयुक्त असतो. हिरड्यात चेब्युलॅजिक व चेब्युलिनिक आम्ल, डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन, खैरात कॅटेचिन, तर नागपुरी संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन सापडते. फाल्गुनात वेचलेली पळसफुले रात्रभर भिजवून त्यांचे पाणी पिणे, किंवा फुले उकडून ओटीपोटावर शेक देणे, हे लघवीच्या तक्रारींवरचे जुने उपाय आहेत.

लोखंडी विळीवर आवळा चिरला की पाते काळे पडते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. आवळ्यातल्या टॅनिनांनी लोहाला धरून काळे संयुग तयार केलेले असते. जीवाणूंवरचा त्यांचा एक मारा नेमका हाच आहे. वाढीसाठी जीवाणूला लोह लागते आणि लघवीत ते फार कमी असते. ई. कोलाय त्यासाठी एंटेरोबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर सोडतो, तो लोह पकडून जीवाणूकडे परत आणतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की एंटेरोबॅक्टिन स्वतःच फिनॉलिक घटकांपासून बनलेले असते. म्हणजे लोहाच्या या ओढाताणीत दोन्ही बाजूंची हत्यारे एकाच रासायनिक कुळातली आहेत.

दुसरा मारा चिकटण्यावर होतो. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात. त्यांच्या टोकाची प्रथिने मूत्राशयाच्या पेशींवरील शर्करांना घट्ट धरतात, त्यामुळे लघवीच्या धारेतही जीवाणू वाहून जात नाही. काही टॅनिने ही पकड बसू देत नाहीत. यात जीवाणू मरत नाही, तो धुऊन जातो. मारले जात नसल्याने प्रतिकार निर्माण होण्याचा दाबही कमी राहण्याची शक्यता असते, म्हणून हा मार्ग विशेष आशादायक वाटतो. याखेरीज फिनॉलिक संयुगे जीवाणूच्या पटलाला इजा करतात आणि जीवाणूंचा चिकट थर साठू देत नाहीत. काही संयुगे युरिएज हे विकर (एन्झाइम) रोखतात. प्रोटियस या विकराने युरियाचा अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी बनते आणि एका विशिष्ट प्रकारचे मुतखडे तयार होतात.

आता प्रयोगशाळेतल्या पुराव्याविषयी. नेहमीची पद्धत अशी : जीवाणू पसरलेल्या आगर (जेलीसारखे पोषक माध्यम) थाळीत छोटे खळगे पाडून त्यांत वनस्पतीचा अर्क भरायचा आणि दुसऱ्या दिवशी भोवतालचे स्वच्छ वर्तुळ मोजायचे. वर्तुळ दिसले की ‘अमुक वनस्पती मूत्रसंसर्गावर गुणकारी’ असे लिहिले जाते, आणि घाई होते ती इथेच. अर्क बहुधा मिथेनॉलमध्ये काढलेला असतो. गावातला काढा पाण्यात होतो, आणि दोन्हींत उतरणारी संयुगे वेगळी असतात. मोठे टॅनिन रेणू आगरमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे वर्तुळाच्या आकारावरून दोन वनस्पतींची तुलना करणेही फसवे ठरते. मात्रेतला फरक तर प्रचंड आहे. संवेदनशील ई. कोलायची वाढ सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या प्रति मिलिलिटर पाव मायक्रोग्रॅमहूनही कमी मात्रेने थांबते. वनस्पतींच्या अर्काला त्यासाठी अनेकदा शेकडो मायक्रोग्रॅम, कधी काही मिलिग्रॅम लागतात. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या ग्रॅम-ऋण जीवाणूंना एक जादा बाह्य पटल असते, ते मोठे रेणू आत येऊ देत नाही.

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे प्यायलेल्या काढ्यातले काय मूत्राशयापर्यंत पोहोचते. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद कर्क्युमिनच्या जास्त प्रमाणासाठी प्रसिद्ध आहे आणि तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. थाळीत कर्क्युमिन जीवाणूंना रोखते. पोटात गेल्यावर मात्र त्याचा अगदी थोडा अंश शोषला जातो, तोही आतड्यात व यकृतात चटकन बदलून जातो. हिरडा आणि डाळिंबातली मोठी टॅनिने जशीच्या तशी रक्तात जात नाहीत. आतड्यातले जीवाणू त्यांचे तुकडे करून युरोलिथिने नावाचे लहान रेणू बनवतात आणि तीच पुढे लघवीत उतरतात. प्रत्येकाच्या आतड्यातले जीवाणू निराळे, म्हणून युरोलिथिने सर्वांच्या लघवीत सारखी सापडत नाहीत. झाडातल्या मूळ संयुगाची जीवाणूवर चाचणी घेऊन मूत्राशयातल्या परिणामाचा निष्कर्ष काढता येत नाही. चाचणी व्हायला हवी ती काढा प्यायलेल्या माणसाच्या लघवीची. अशा दिशेने झालेले एक काम मोलाचे आहे. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की जीवाणूंना लोहापासून तोडणारे सायडरोकॅलिन हे शरीराचे स्वतःचे प्रथिन कमी आम्लीय लघवीत चांगले काम करते आणि त्याला आहारातून व आतड्यातील जीवाणूंकडून आलेल्या लहान फिनॉलिक रेणूंची मदत होते.

माणसांवरील सर्वांत जास्त चाचण्या क्रॅनबेरी या थंड प्रदेशातल्या फळाच्या झाल्या आहेत. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास होते. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटला, लहान मुलांनाही फायदा दिसला. गरोदर स्त्रियांना आणि संस्थांत राहणाऱ्या वृद्धांना दिसला नाही. हा पुरावा संसर्ग टाळण्याचा आहे, झालेला बरा करण्याचा नाही. क्रॅनबेरीतली ‘ए’ प्रकारची प्रोअँथोसायनिडिने (टॅनिनांचाच एक प्रकार) वेगळ्या जोडणीची असतात. द्राक्षांतली ‘बी’ प्रकारची संयुगे जीवाणूंना चिकटण्यापासून तशी रोखत नाहीत, त्यामुळे ‘तुरट ते सारे गुणकारी’ असे धरून चालत नाही. अस्वलबेरी या युरोपातल्या औषधी झुडपाच्या पानांतील आर्ब्युटिन लघवीत हायड्रोक्विनोन या जंतुनाशक फिनॉलच्या रूपाने येते. जर्मनीतील एका चाचणीत ही पाने घेणाऱ्या स्त्रियांना प्रतिजैविके कमी लागली, पण त्रास अधिक राहिला आणि मूत्रपिंडापर्यंत चढलेले संसर्गही त्यांच्यात जास्त आढळले. पळस, हिरडा, आवळा यांच्या बाजूचा पुरावा मुख्यतः थाळीतला आहे. तो दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नाही; ई. कोलायने अनेक प्रतिजैविकांना दाद देणे सोडले असताना या झाडांचा काटेकोर अभ्यास विदर्भातच व्हायला हवा.

काढ्याबरोबर पाणी पोटात जाते, हेही विसरू नये. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि एरवी कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरील एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलेल्या गटात वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ३.२ वेळा. धनेपाणी, पळसफुलांचे पाणी, ताक यांचा गुण पारखताना हा वाटा वेगळा काढावा लागतो. शेतावर आडोशाची सोय झाली तर त्याचा उपयोग कोणत्याही अर्काहून जास्त होईल.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणे, उलट्या किंवा लघवीत रक्त असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही, सिकलसेलचा रुग्ण आणि पुरुष यांच्या बाबतीत घरी वाट पाहू नये. शक्य असेल तेथे प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवीचे कल्चर (कोणता जंतू आहे हे पाहण्याची तपासणी) करून घ्यावे. तुरट काढे जेवणासोबत घेऊ नयेत. आवळ्याने विळी काळी करणारा तोच गुण अन्नातले लोह बांधून ठेवतो आणि ते शरीराला कमी मिळते. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असलेल्या बाईने लोहाची गोळी आणि असा काढा यांत काही तासांचे अंतर ठेवावे.