स्मार्ट स्विच व स्मार्ट सॉकेट (घरगुती वायरिंगमधील)

स्मार्ट स्विच : दिवा, पंखा यांसारख्या उपकरणाचा वीजपुरवठा हाताने, तसेच रेडिओ संदेश, वेळापत्रक किंवा संवेदक यांच्या द्वारे चालू-बंद करणारे व भिंतीतील नेहमीच्या स्विचच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक साधन. याच तत्त्वावरील सॉकेटला स्मार्ट सॉकेट म्हणतात. मूळ स्विच तसाच ठेवून त्यामागच्या पेटीत बसवावयाचे रिले मॉड्यूल (रिले म्हणजे विजेच्या संदेशाने संपर्क जोडणारा-तोडणारा स्विच) हाही याचाच एक प्रकार होय. सॉकेटमध्ये नुसता खोचायचा स्मार्ट प्लग वायरिंगला हात लावत नसल्याने येथे विचारात घेतलेला नाही.

उगमाबाबत एकमत नाही. काही लेखक ही परंपरा निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये दाखविलेल्या रेडिओनियंत्रित नौकेपर्यंत मागे नेतात. परंतु दूरनियंत्रण आणि घरातील वायरिंग या भिन्न बाबी असल्याने हा संबंध ओढूनताणून जोडल्यासारखा वाटतो. वेस्टिंगहाउसमधील अभियंते जिम सदरलंड यांनी १९६६ च्या सुमारास स्वतःच्या घरासाठी बांधलेल्या ‘एको-४’ या संगणकाचा उल्लेखही पुष्कळदा आढळतो, मात्र तो एकमेव नमुना राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत काही घरांमध्ये कमी दाबाच्या तारांनी रिले चालविण्याची पद्धत आली होती. तिच्यासाठी वेगळ्या तारा घालाव्या लागत. आहे त्याच वायरिंगवर स्विच बदलून काम भागविणे हा निकष मानल्यास स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये विकसित केलेली ‘एक्स-१०’ ही पद्धत आजच्या स्मार्ट स्विचची खरी पूर्वज ठरते. हा कंपनीचा दहावा प्रकल्प होता, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. तीत विजेच्या तारांमधूनच १२० किलोहर्ट्झचे स्पंद पाठविले जात. प्रत्यावर्ती दाब शून्यावरून जातो त्या क्षणी, म्हणजे तारांवरील गोंगाट सर्वांत कमी असताना, स्पंद असणे किंवा नसणे यांवरून द्विमान अंक (१ किंवा ०) ठरे. १६ गृहसंकेत व प्रत्येकी १६ उपकरणसंकेत मिळून २५६ पत्ते उपलब्ध होत. मूळ पद्धतीत आज्ञा पोचल्याची पोचपावती मिळत नसे, हा तिचा मोठा दोष होता.

पुढे रेडिओ पद्धती आल्या. झी-वेव्ह ही डेन्मार्कमध्ये विकसित झाली, झिगबी आयईईई ८०२.१५.४ या रेडिओ मानकावर उभी आहे. वाय-फाय संचयुक्त स्वस्त चिप साधारणपणे २०१४ नंतर उपलब्ध झाल्यावर उत्पादकांची संख्या वाढली. भिन्न कंपन्यांच्या साधनांनी परस्परांशी बोलावे यासाठी ‘मॅटर’ या मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली.

जोडणीतील मुख्य अडचण न्यूट्रलची, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेची आहे. साध्या स्विचला स्वतःसाठी वीज लागत नाही; तो फेज (वीज आणणारी जिवंत तार) तोडतो किंवा जोडतो. म्हणून पुष्कळ घरांत स्विचच्या पेटीपर्यंत फेज व दिव्याकडे जाणारी तार एवढ्या दोनच तारा नेलेल्या असतात आणि न्यूट्रल थेट दिव्याकडे गेलेली असते. स्मार्ट स्विचला मात्र दिवा बंद असतानाही रेडिओ जागा ठेवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी वीज घेण्यास न्यूट्रल हवी असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने २०११ च्या आवृत्तीपासून, काही अपवाद वगळता, स्विचच्या जागी न्यूट्रल असावी अशी तरतूद केली, यावरून या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येते.

न्यूट्रलविना चालणारे स्विच दिवा बंद असताना त्याच दिव्यामधून अल्प प्रवाह नेऊन स्वतःची गरज भागवितात. २३० व्होल्ट, ६० वॉटच्या तंतुदिव्याचा रोध पेटलेला असताना सुमारे ८८० ओहम असतो, थंड असताना त्याहूनही बराच कमी. अशा दिव्यातून काही मिलिअँपिअर गेले तरी तंतू उजळत नाही. एलईडी दिव्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या चालकमंडलातील (ड्रायव्हर सर्किटमधील) संधारित्र (कपॅसिटर) या गळतीने हळूहळू भारित होते, मंडल क्षणभर सुरू होते, साठा संपतो आणि पुन्हा तेच चक्र चालते. बंद दिवा ठरावीक अंतराने लुकलुकतो तो यामुळे. दिवा चालू असताना अडचण उलटी असते : बंद संपर्काच्या दोन टोकांत दाबच उरत नाही, म्हणून प्रत्येक अर्धचक्राचा छोटासा तुकडा अडवून स्विचला आपली वीज काढावी लागते. यासाठीच उत्पादक किमान भार सांगतात. भार त्याहून कमी असल्यास दिव्याला समांतर एक संधारित्र (बायपास) जोडतात. ते स्विचपाशी नव्हे, दिव्यापाशीच बसवावे लागते.

पेटीत न्यूट्रल दिसली की प्रश्न मिटतो असेही नाही. ती त्याच मंडलाची (सर्किटची) असली पाहिजे. शेजारच्या मंडलाची न्यूट्रल उसनी घेतल्यास गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत फरक पडतो व गळतीरोधक स्विच (आरसीडी) पडतो. शिवाय एक मंडल बंद केले तरी ही तार जिवंत राहू शकते. हिरव्या-पिवळ्या अर्थिंगच्या तारेचा न्यूट्रल म्हणून उपयोग करणे सर्वथा वर्ज्य आहे.

जिन्याच्या वायरिंगमध्ये, म्हणजे दोन जागांहून एक दिवा चालविताना, दोहोंपैकी एकच स्विच स्मार्ट ठेवतात आणि दुसरा त्याला केवळ संदेश देतो. त्यासाठी दोन स्विचांमधील तारांची कामे बदलावी लागतात. दुसरा टू-वे स्विच जुन्याच जोडणीत राहू दिल्यास तो दाबताच स्मार्ट स्विचचीच वीज जाण्याचा संभव असतो.

प्रवाह तोडण्यासाठी रिले किंवा ट्रायॅक (प्रत्यावर्ती प्रवाह चालू-बंद करणारा अर्धवाहक घटक) वापरतात. एलईडी दिवे सुरू होताना त्यांतील संधारित्रांमुळे नेहमीच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर वाहतो व रिलेचे संपर्क चिकटू शकतात. दाब शून्यावर असताना संपर्क जोडणारे रिले हा ताण बराच कमी करतात. पंख्यासारख्या प्रेरकी (तारेची गुंडाळी असलेल्या) भारासाठी स्विचची मर्यादा रोधी भारापेक्षा कमी असते. सॉकेटबाबत जोडणी सोपी आहे, कारण फेज, न्यूट्रल व अर्थिंग तिन्ही तेथे असतातच. पाहावयाचा तो भार. २३० व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॉट होतात, परंतु आतील रिले १० अँपिअरचा असल्यास २,३०० वॉट हीच मर्यादा होय. धातूच्या पेटीत रेडिओ संदेश क्षीण होतो. पेटी उथळ असल्यास तारा कोंबल्या जातात आणि उष्णता बाहेर पडत नाही.

एक वॉट सतत खाणारा स्विच वर्षाला सुमारे ८.८ युनिट वीज वापरतो. घर लहान असल्यास ही बाब नगण्य म्हणता येईल, तीस-चाळीस स्विच असल्यास नव्हे.

इलेक्ट्रॉनिक स्विचांसाठी आयईसी ६०६६९-२-१ हे आंतरराष्ट्रीय मानक लागू होते. स्मार्ट स्विच ‘बंद’ दाखवीत असला तरी तो पुरवठ्यापासून विलग झाला असे मानता येत नाही : ट्रायॅकमधून गळती चालू असते, आणि रिलेही दूरच्या आज्ञेने केव्हाही जुळू शकतो. म्हणून स्विच बसविताना, तसेच नंतर दिवा बदलतानाही, त्या मंडलाचा एमसीबी (वितरण पेटीतील स्वयंचलित खंडक) पाडून दोन टोकांच्या मापकाने तारा निर्जीव असल्याची खात्री करून घेतात.