वारेचा अहवाल

बाळ जन्मल्यावर ‘वार पडली का?’ असे विचारले जाते, ती (म्हणजे प्लासेंटा) पूर्ण पडल्याची खात्री केली जाते आणि मग ती जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. सगळे सुरळीत पार पडले असेल तर यात वावगे काही नाही. परंतु बाळ पोटातच दगावले असेल, दिवस भरण्याआधी जन्मले असेल किंवा त्याची वाढ खुंटलेली असेल, तर ‘असे का झाले’ या प्रश्नाचे उत्तरही पुष्कळदा त्याच पिशवीतून निघून जाते. नाशिक शहरातील प्रसूतिगृह असो की पेठ-सुरगाण्याकडचे ग्रामीण रुग्णालय, वार तपासणीला पाठवण्याची सवय अजून सगळीकडे रुजलेली नाही.

गर्भ व बालकांच्या विकृतिशास्त्रात (पॅथॉलॉजीत) काम करणाऱ्या संशोधकाच्या निबंधांची यादी चाळली तर ती सुरुवातीला फुटकळ वाटते. एका निबंधात एकाच बाळाच्या मूत्रपिंडांचे वर्णन असते, दुसऱ्यात एखाद्या दुर्मीळ गाठीचे, तिसऱ्यात काही वारांच्या स्लाइडचे. औषधचाचण्यांमधली हजारो रुग्णांची आकडेवारी तिथे क्वचितच आढळते. तरीही पुढच्या गरोदरपणाविषयी आईवडिलांना जे ठामपणे सांगता येते, त्यातले बरेचसे अशाच निबंधांतून आले आहे.

शिकागोच्या पॅथॉलॉजिस्ट एडिथ पॉटर यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण याचे उत्तम उदाहरण आहे. दोन्ही मूत्रपिंडे नसलेल्या बाळांचा चेहरा ठरावीक प्रकारे चपटा असतो, कान खाली असतात आणि फुप्फुसे अगदी लहान असतात, हे त्यांनी दाखवून दिले. गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचेच बनलेले असते. लघवी नाही म्हणजे पाणी नाही, आणि पाण्याविना फुप्फुसे वाढत नाहीत व बाळ गर्भाशयात दाबले जाते. पाणी आटले की सोनोग्राफीतही नीट दिसत नाही, त्यामुळे मूत्रपिंडे मुळात नव्हती की ती द्रवाच्या गाठींनी (सिस्टनी) भरलेली होती, हे बहुधा शवविच्छेदनातच निश्चित होते. हा फरक केवळ अभ्यासकांपुरता नाही. मूत्रपिंडे तयारच झाली नसतील तर पुढच्या खेपेला तेच होण्याची शक्यता सहसा थोडी असते. मात्र आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्याने होणारा मूत्रपिंडांचा गाठींचा आजार असेल, तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक इतका असतो. मामेबहीण-आतेभावाच्या लग्नांत असा सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न विचारणे अधिकच गरजेचे ठरते.

वारेची तपासणी दिसायला साधी असते. गर्भाभोवतीचे पडदे व नाळ कापून वेगळी केल्यावर तिचे वजन करतात. पूर्ण दिवसांच्या बाळाची वार साधारण पाचशे ग्रॅमच्या आसपास भरते. नाळेच्या कापावर तीन छिद्रे दिसावी लागतात, दोन रोहिण्यांची आणि एक शिरेची. दोनच दिसली तर बाळाचे हृदय व मूत्रपिंडे बारकाईने पाहिली जातात. मग वारेच्या सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करतात. लालसर, मऊ उतीत एखादा फिकट, घट्ट तुकडा हाताला लागला तर तिथला रक्तपुरवठा पूर्वीच बंद पडला होता, असा त्याचा अर्थ असू शकतो. आईकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांचा दोष सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, तर पुढच्या गरोदरपणात रक्तदाबाचा धोका जोखून सोळाव्या आठवड्याच्या आत कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची का, हे डॉक्टर ठरवू शकतात.

अडचण भाषेचीही होती. एकच बदल निरनिराळे पॅथॉलॉजिस्ट निरनिराळ्या नावांनी लिहीत, त्यामुळे दोन शहरांतले अभ्यास ताडून पाहणे अवघड जाई. २०१४ साली ॲमस्टरडॅममध्ये तज्ज्ञांनी नमुने कसे घ्यावेत आणि कोणत्या बदलाला काय म्हणावे यावर सहमती केली व ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत एम.डी. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो. वारेवरचा प्रबंध याच नावांनी लिहिला, तर तो कपाटात पडून राहण्याऐवजी इतरांच्या कामाशी जोडता येईल, असे मला वाटते.

बालकांच्या बाबतीतही या शाखेने उपचारांची दिशा बदलली आहे. रक्ताच्या कर्करोगावर १९४८ साली औषधाचा गुण आल्याचे प्रसिद्ध करणारे सिडनी फार्बर हे बॉस्टनचे बालविकृतितज्ज्ञ होते, आणि त्यांनी वापरलेले ॲमिनोप्टेरिन आंध्रातून अमेरिकेत गेलेले जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूकडून आले होते.

वारेचा नमुना पाठवताना मात्र क्रम चुकता कामा नये. गुणसूत्रांच्या चाचणीसाठी जिवंत पेशी लागतात, म्हणून त्यासाठीचा तुकडा आधी निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा काढावा आणि उरलेली वार मगच पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये (उती टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवावी. सोबतच्या अर्जावर गर्भाचे आठवडे, बाळाचे वजन आणि आईचे आजार लिहावेत. आठवडे माहीत नसतील तर वारेचे वजन कमी की योग्य, हे प्रयोगशाळेला ठरवता येत नाही.