स्टेक, मोठ्याचं आणि पुणेकरांचं बी-१२ : एका सल्ल्याची पार्श्वभूमी

पुण्याच्या कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात मोठ्याच्या, म्हणजे म्हशी-रेड्याच्या मांसाच्या, गाळ्यांवर सकाळी लवकर गेलात तर अंडरकट मिळतो. उशीर केलात तर बहुधा संपलेला असतो. कण्याच्या आतल्या अंगाला, दोन्ही बाजूंना एकेक, असा हा लांबट स्नायू. जनावर चालो की ओझं ओढो, त्याच्यावर ताण कमी येतो, म्हणून तो कोवळा राहतो. एका जनावरात दोनच निघतात. कसाई त्यावरचा पांढरा चिवट पापुद्रा सुरीच्या टोकाने सोलून काढतो आणि विचारतो, "स्टेकला का फ्रायला?" स्टेकला म्हटलं की धाग्याला आडवे, बोटभर जाडीचे काप पडतात.

हा काप तब्येतीला चांगला की वाईट, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत आला. बहुतेक ठिकाणी तो रक्ताच्या रिपोर्टमागून आला. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी, हिमोग्लोबिन कमी, म्हणून कोणी म्हणतं मांस खा. त्याच दिवशी फोनवर बातमी येते की लाल मांसाने कॅन्सर होतो. माणूस गोंधळतो आणि दोन्ही सल्ले सोडून देतो. मला हे वाईट वाटतं, कारण दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे. फक्त ते वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या ताटांकडे बघून दिले गेले. म्हणून हा सगळा मागचा इतिहास.

आधी ताटात काय आहे ते नीट सांगायला हवं. पुण्यात आज 'बीफ' म्हणून जे कायदेशीर विकलं जातं ते म्हशीचं किंवा रेड्याचं मांस. बोलीत त्याला मोठ्याचं म्हणतात, बकऱ्याचं ते छोट्याचं. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद झाली. बैल आणि वळू मात्र प्रमाणपत्र घेऊन कापता येत. १९९५ मध्ये विधिमंडळाने तीही वाट बंद करणारी दुरुस्ती केली, पण राष्ट्रपतींची संमती मिळून ती अमलात यायला २०१५ चा मार्च उजाडला. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली आणि राज्याबाहेरून आणलेलं मांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली. त्यामुळे इंटरनेटवर 'बीफ स्टेक'बद्दल जे आकडे वाचायला मिळतात ते बहुतेक गाईगुरांचे, तेही परदेशातल्या धान्यावर पोसलेल्या गुरांचे असतात. आपल्या पातेल्यातली म्हैस वेगळी. पुढे हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

पुणे जिल्ह्यात गुरांचं मांस खाण्याचा फार जुना ठोस पुरावा शिरूर तालुक्यातल्या इनामगावचा. घोड नदीकाठच्या या वस्तीचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलं. इ.स.पूर्व सुमारे १६०० ते ७०० या दरम्यानचे हे शेतकरी सातू पिकवत, मासे धरत, हरणांची शिकार करत, आणि गुरं पाळत. तिथे मिळालेल्या गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. पाळीव जनावर दुधाला, नांगराला आणि शेवटी अन्नाला, असा तो हिशोब होता. आजच्या वादात कोणाची बाजू घ्यायला हा पुरावा वापरू नये असं माझं मत आहे. पण या मातीत मांसाचा तुकडा सातूच्या जोडीला येत होता, धान्याची जागा घेत नव्हता, एवढं त्यातून दिसतं.

स्टेक मात्र लष्कराबरोबर आला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली, आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी वसली. गोऱ्या शिपायाच्या शिध्यात रोज जवळपास पौंडभर मांस असे. एवढ्या पलटणींना ते पुरवायचं म्हणजे खाटीकखाने आले, बाजार आले, खानसामे आले. पुढे कॅम्पात गोव्याचे ख्रिस्ती स्वयंपाकी, अँग्लो-इंडियन कुटुंबं, इराणी, पारशी अशी सगळी मंडळी जमली आणि इथली खाण्याची भाषाच निराळी झाली. शिवाजी मार्केट, म्हणजे जुनं कॅनॉट मार्केट, त्याच काळाची देणगी.

या मागणीची किंमत कोण मोजत होतं, हे महात्मा फुल्यांनी स्पष्ट सांगितलं. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये त्यांची तक्रार हीच आहे की गोऱ्यांच्या खाण्यापायी गाईबैल मारले जातात आणि कुणब्याच्या दावणीला चांगला बैल उरत नाही. गोऱ्यांनी शेळ्यामेंढ्या खाव्यात, नाहीतर बाहेरच्या मुलखातून जनावरं आणावीत, असा उपायही त्यांनी सुचवला. शेतकऱ्याच्या पोटाकडून पाहिलेला हा विचार आहे. आहाराचा प्रश्न ताटापाशी सुरू होत नाही, दावणीपाशी होतो, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

गावकुसाबाहेरच्या घरांचा इतिहास आणखी वेगळा. मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम ज्यांच्यावर लादलं गेलं, त्यांच्या वाट्याला तेच मांस आलं. ताजं खाऊन उरलेल्याच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायच्या. प्रथिनं आणि लोह यांचा तोच काय तो साठा. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, ते स्वाभिमानासाठी. अनेक घरांनी ते एका रात्रीत सोडलं. ज्या ताटात आधीच कमी होतं त्यातून आणखी एक पदार्थ काढून टाकण्याचं बळ त्या बायाबापड्यांनी दाखवलं. आहाराच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी तशी होत नाही.

आता आरोग्याच्या सल्ल्याकडे. 'मांस म्हणजे ताकद' ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातली. युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडलं की स्नायू प्रथिनांवर चालतात, काम केलं की तीच झिजतात. १८६५ मध्ये फिक आणि व्हिस्लिसेनस हे दोघे शास्त्रज्ञ प्रथिनं न खाता आल्प्समधल्या फाउलहॉर्न शिखरावर चढले, आपली लघवी तपासून किती प्रथिनं झिजली ते मोजलं, आणि चढाईला लागलेली ऊर्जा नुसत्या प्रथिनांतून येणं शक्यच नाही हे दाखवून दिलं. पण तोवर कल्पना रुजली होती. अमेरिकेत जेम्स सॅलिस्बरी या डॉक्टरने दिवसातून तीनदा बिनचरबीचा खिमा भाजून खायचा आणि जेवणाआधी गरम पाणी प्यायचं असा आहार १८८८ च्या पुस्तकात सांगितला. त्याच्या नावाची 'सॅलिस्बरी स्टेक' अजून मिळते.

हिंदुस्थानात रॉबर्ट मॅककॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी कुन्नूरच्या प्रयोगशाळेत वेगळा मार्ग धरला. उंदरांच्या गटांना त्यांनी देशातल्या वेगवेगळ्या प्रांतांचा आहार दिला. शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. त्या आहारात कणीक, दूध, लोणी, डाळी, भाज्या, आणि मांस अधूनमधून. भातावरचा मद्रासी आहार तळाला गेला. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

मग वारं फिरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हृदयविकाराने माणसं धडाधड मरू लागली. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने संपृक्त, म्हणजे लोणी-मांसात असते तशा, चरबीकडे बोट दाखवलं, १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ती कमी करा म्हटलं. १९७७ मध्ये सिनेटर मॅकगव्हर्न यांच्या समितीने लोकांना सरळ 'मांस कमी खा' असं सांगितलं. गुरांचे मालक खवळले, आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य बदलून कमी चरबीचं मांस निवडा असं झालं. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सॉसेज, सलामी, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, हा त्यांचा आकडा. साध्या लाल मांसाला 'बहुधा कर्करोगजनक' म्हणजे २-अ गटात ठेवलं, आणि त्याबाबतचा पुरावा मर्यादित आहे हेही नोंदवलं. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम, त्याहून जास्त नको, असा आहे. हे वाचताना मला नेहमी वाटतं, ही मर्यादा पुण्यातली किती घरं गाठत असतील?

कारण इथली अडचण उलटी आहे, आणि ती पुण्यातच मोजली गेली. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मधुमेह विभागाने खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं. मध्यमवर्गात तर ८१ टक्के! म्हणजे ज्याला खायला सर्वांत जास्त परवडतं त्याचीच पातळी सर्वांत खाली. शाकाहार हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. पण मांसाहारी म्हणवणाऱ्यांकडेही आपल्याकडे रविवारी रस्सा, दोन फोडी आणि बाकी भात, हेच असतं.

बी-१२ वनस्पतीत तयार होत नाही, प्राणीही ते स्वतः बनवत नाही. ते जिवाणू बनवतात. म्हशीच्या पोटात जिवाणू कोबाल्ट हे खनिज घेऊन ते तयार करतात, आणि तिथून ते दुधात आणि मांसात उतरतं. याचा शोधही अन्नातून लागला. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी जीवघेण्या रक्तक्षयाच्या रोग्यांना भरपूर कलेजी खाऊ घातली आणि ते वाचले. कलेजीतला तो घटक १९४८ मध्ये वेगळा झाला. (त्याच सुमाराची दुसरी गोष्ट मुंबईची. लुसी विल्स या डॉक्टर १९२८ मध्ये तिथे आल्या आणि गिरणीकामगार गरोदर बायकांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा करून त्यांनी फोलेट या बी गटातल्याच दुसऱ्या जीवनसत्त्वाचा माग काढला.) केईएमने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात हे दोन्ही धागे पुन्हा एकत्र आले. आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असेल तर सहा वर्षांच्या मुलात शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे मधुमेहाकडे झुकण्याचं, प्रमाण जास्त दिसलं. लोहही असंच कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या.

आता त्या काप केलेल्या अंडरकटकडे परत. बिनचरबीच्या १०० ग्रॅम कच्च्या म्हशीच्या मांसात साधारण २० ग्रॅम प्रथिनं, दीड ग्रॅमच्या आसपास चरबी आणि दीड मायक्रोग्रॅमच्या वर बी-१२ असतं. मोठ्या माणसाची रोजची बी-१२ ची गरज दोन मायक्रोग्रॅमहून थोडी जास्त. मांसातल्या 'हीम' प्रकारच्या लोहापैकी १५ ते ३५ टक्के शरीर शोषून घेतं, पालेभाजी-धान्यातलं त्याहून बरंच कमी. अमेरिकन 'रिबआय'मध्ये, म्हणजे बरगडीजवळच्या चरबीदार कापात, याच १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम चरबी निघते. ज्या स्टेककडे बघून 'कमी खा' म्हटलं गेलं तो हा.

पण आपलं शरीरही अमेरिकन नाही. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणाऱ्या पुणेकराने म्हणूनच मांसाहून जास्त काळजी त्याच्याबरोबर येणाऱ्या गोष्टींची करावी. मुंबईत १९६० च्या दशकात रुजलेला सिझलर पुढे मोलेदिना रस्त्यावर आला. त्या तापलेल्या तव्यावर मांसाशेजारी बटाट्याच्या तळलेल्या सळ्या, लोणी, भात आणि गोडसर सॉस असतो. माझ्या मते त्या ताटातला सर्वांत निर्दोष पदार्थ मांसच. तेच मांस घरी कच्च्या पपईच्या किसात अर्धा तास मुरवून, न करपवता, आतपर्यंत शिजवून, ज्वारीची भाकरी आणि कांदा-काकडीच्या कोशिंबिरीबरोबर खाल्लं तर माणशी १०० ग्रॅम पुरतं. आठवड्यातून दोनदा भरपूर झालं. करपलेल्या काळ्या कडा टाकून द्याव्यात, आणि मधे लाल ठेवण्याची हौस आपल्या बाजारातल्या मांसावर करू नये.

ज्यांना खायचं नाही त्यांनी खाऊ नये, आणि त्यांचं काही अडतही नाही. दूध, दही आणि अंडी यांत बी-१२ आहे. केईएमच्याच संशोधकांनी खेड्यातल्या किशोरवयीन मुलामुलींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅमच्या गोळ्या देऊन प्रयोग केला, आणि तेवढ्यानेही पातळी वाढली. मूत्रपिंडाचा विकार किंवा गाऊट हा सांधे सुजवणारा विकार असेल तर मांसाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या अनेकांत बी-१२ नीट शोषलंच जात नाही. आमच्या शेजारचे, असेच मेटफॉर्मिन घेणारे काका आठवड्याला तीनदा मोठ्याचं आणत, तरी पायांना मुंग्या येत राहिल्या. तपासल्यावर पातळी तळाला निघाली. त्यांना इंजेक्शनं लागली, महिनाभर, मग दर महिन्याला एक.